ही वायर कोणाची?

बर्मिंगहॅमच्या हॉक्ली भागात १८६०च्या सुमारास जोसेफ ल्यूकस नावाचा एक गृहस्थ हातगाडीवरून रॉकेल विकायचा. नोकरी गेलेली, घरात खाणारी तोंडं बरीच. रॉकेलाच्या जोडीला तो कंदील विकू लागला, मग स्वतःच दिवे बनवू लागला, आणि इंग्लंडला सायकलचं वेड लागलं तेव्हा त्याच्या ‘किंग ऑफ द रोड’ या सायकलच्या दिव्यानं नाव काढलं. पुढे ही कंपनी इतकी फोफावली की ब्रिटिश मोटारीतला दिवा, डायनामो, सेल्फ, हॉर्न, स्विच म्हटलं की ल्यूकसच. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार, लोटस. बॉनेटवरचा बिल्ला कोणाचाही असो, आतली वीज ल्यूकसची.

जोसेफरावांनी दारूला कधी हात लावला नाही. १९०२मध्ये इटलीत नेपल्सला टायफॉइडनं त्यांचा अंत झाला. वाइन नको म्हणून ते तिथलं पाणी प्यायले आणि तेच नडलं, असं सांगतात. दिवे विकून मोठ्या झालेल्या या माणसाला जुन्या मोटारींच्या दुनियेत आज कोणत्या नावानं ओळखतात? ‘अंधाराचा राजपुत्र’.

मंद, लुकलुक, बंद

ल्यूकसवरचे विनोद हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. दिव्याच्या स्विचला तीन खटके असतात म्हणे: मंद, लुकलुक आणि बंद. इंग्रज लोक कोमट बिअर का पितात? त्यांचे फ्रिज ल्यूकसचे असतात म्हणून. कंपनीचं ब्रीदवाक्य काय? सभ्य माणसानं दिवेलागणीनंतर गाडी बाहेर काढू नये.

सगळ्यात लाडका सिद्धान्त धुराचा. विजेची सगळी उपकरणं मुळात धुरावर चालतात. पुरावा? वायरमधून धूर बाहेर पडला की उपकरण बंद पडतं! म्हणून ‘ल्यूकसचा अस्सल बदली धूर’ भरलेल्या बाटल्यांच्या थट्टेच्या जाहिरातीही निघाल्या.

विनोद झकास आहेत, पण मला ते थोडे अन्यायाचे वाटतात. कारण याच ल्यूकसनं एक अशी सोय करून ठेवली आहे की साठ वर्षांच्या गाडीत डॅशबोर्डखाली हात घातला आणि कोणतीही अनोळखी वायर हाताला लागली, तरी ती वायर आपला ठावठिकाणा स्वतः सांगते. फक्त तिचा रंग वाचता यायला हवा.

आडनाव आणि नाव

ल्यूकसच्या पद्धतीत वायरचा मूळ रंग म्हणजे तिचं आडनाव आणि त्यावरची बारीक रेघ म्हणजे तिचं नाव. आडनावावरून घराणं कळतं: वीज कुठून येते, फ्यूजमधून येते की थेट, चावी फिरवल्यावर येते की कायमची असते. रेघेवरून कळतं की ती नेमकी कोणत्या कामाला चालली आहे. हीच पद्धत पुढे ब्रिटिश मानक म्हणूनही रुळली.

तपकिरी वायर बॅटरीकडून थेट येते. मध्ये फ्यूज नाही, चावीशी संबंध नाही. गाडी गॅरेजमध्ये झोपलेली असली तरी तपकिरी जागी असते. अंगठी घातलेल्या हातानं किंवा पान्यानं तिला बॉडीशी भिडवलंत, तर वर सांगितलेला धूर प्रत्यक्ष पाहायला मिळेल. जांभळीही कायम जिवंत, पण ती फ्यूजमधून आलेली, म्हणून सभ्य: हॉर्न, आतला दिवा वगैरे. पांढरी चावी फिरवल्यावर जागी होते आणि बिनफ्यूजची असते. इग्निशन कॉइल आणि पेट्रोल पंप तिच्यावर. हिरवी चावीनंतरची आणि फ्यूजमधली. ब्रेकलाइट, इंडिकेटर, वायपर, काटे असं मोठं खटलं तिच्याकडे. निळी हेडलाइटची, लाल साइडलाइट आणि टेललाइटची, काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली. एवढ्या सात रंगांवर गाडीतलं निम्म्याहून अधिक कोडं सुटतं.

आता रेघा. हिरवीवर जांभळी रेघ असेल तर ब्रेकलाइट. हिरवीवर तपकिरी असेल तर रिव्हर्सचा दिवा. हिरवीवर काळी रेघ असेल तर ती टाकीत किती पेट्रोल उरलंय त्याचा निरोप घेऊन काट्याकडे चालली आहे. निळीवर पांढरी म्हणजे अप्पर, निळीवर लाल म्हणजे डिपर. पांढरीवर काळी म्हणजे कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी.

इंडिकेटरचं गणित लक्षात ठेवायला जहाज आठवावं. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. गाडीतही हिरवीवर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर. उजव्याला हिरवीवर हिरवी रेघ द्यायची तर ती दिसणार कशी? तिथे पांढरी.

अडचण एवढीच की रंग टिकत नाहीत. जुन्या गाड्यांत, म्हणजे एमजी टीसी किंवा तिच्या आगेमागच्या पिढीत, वायरींवर सुती विणीचं आवरण असायचं. तेल, धूळ आणि सत्तर उन्हाळे खाल्ल्यावर सगळ्या वायरी एकाच मळकट रंगाच्या होतात. लाल कुठली, तपकिरी कुठली, देव जाणे. अशा वेळी जाणकार लोक वायरच्या टोकावरची रबरी टोपी मागे सरकवतात किंवा जुडग्यावरची पट्टी बोटभर सोडतात. जिथे ऊन आणि तेल पोचलेलं नाही, तिथे मूळ रंग अजून सापडतो.

बी म्हणजे ब्राउन नव्हे

वर्कशॉप मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा काळा-पांढरा छापलेला. रंगांऐवजी इंग्रजी अक्षरं. तिथे पहिल्यांदा बघणारा हमखास फसतो. ‘बी’ हे अक्षर काळ्या रंगानं पटकावलं, मग ब्राउनला उरलं शेवटचं ‘एन’. ब्लूला ‘यू’. पिंकला शेवटचा ‘के’. करड्याला ग्रे म्हणावं तर ‘जी’ हिरव्यानं घेतलेला, म्हणून पाटीच्या दगडाच्या नावानं स्लेट आणि त्याचा ‘एस’. दोन अक्षरं असली तर पहिलं मूळ रंगाचं, दुसरं रेघेचं. ‘जीएन’ म्हणजे ग्रीनचं लघुरूप नव्हे. हिरवीवर तपकिरी रेघ, म्हणजे मघाचा रिव्हर्सचा दिवा.

जिला टोक आहे पण काम नाही

डॅशबोर्डमागे लोंबणारी, कशालाच न जोडलेली वायर दिसली की नव्या मालकाच्या पोटात गोळा येतो. काहीतरी तुटलंय! बहुतेक वेळा काहीही तुटलेलं नसतं.

कारखान्याला प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं वायरिंग विणणं परवडत नाही. एमजीच्या एमजीबी या गाडीचंच बघा. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. कोणाला ओव्हरड्राइव्ह हवा, कोणाला नको. कोणाला फॉग लॅम्प, कोणाला रेडिओ, कोणाला सिगारेट लायटर. गाडी इंग्लंडात राहणार की अमेरिकेला जाणार, त्यावर दिव्यांचे नियम वेगळे. म्हणून एकाच जुडग्यात बऱ्याच शक्यतांच्या वायरी घालून ठेवायच्या. ज्याला जे हवं ते जोडायचं, बाकीच्या वायरी दुमडून जुडग्याला बांधून टाकायच्या. पन्नास वर्षांनी पट्टी सुटते आणि वायर खाली लोंबते. लालवर पिवळी रेघ असलेली सापडली तर ती फॉग लॅम्पची वाट बघते आहे, जो त्या गाडीला कधी बसवलाच नव्हता.

म्हणजे पहिला नियम: टोक मोकळं दिसलं म्हणून लगेच कापायचं नाही, आणि लगेच कुठेतरी जोडायचंही नाही. आधी आडनाव वाचायचं. आडनाव तपकिरी किंवा जांभळं असेल तर टोकावर आधी टेप गुंडाळायची आणि मग निवांत विचार करायचा.

सीटवर पिशवी ठेवली, गाडी चालू होईना

सीटखाली निघणाऱ्या कापलेल्या वायरींची मात्र कथा वेगळी, आणि ती फक्त अमेरिकेला गेलेल्या गाड्यांची. १९७४च्या मॉडेलसाठी तिथल्या सरकारनं नियम केला की पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरूच होता कामा नये. मग एमजीबीलाही सीटखाली वजन ओळखणारे स्विच बसले, पट्ट्यात स्विच बसले आणि कोण आधी बसलं, कोणी आधी पट्टा लावला याचा हिशेब ठेवणारी एक डबी आली. शेजारच्या सीटवर किराण्याची जड पिशवी ठेवली तर डबीला वाटायचं माणूस बसलाय, पट्टा कुठाय? लोक इतके वैतागले की त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन संसदेनं कायदा करून ही सक्ती काढून टाकली. तोवर असंख्य मालकांनी सीटखालची जोडणी स्वतःच्या हातानं तोडलेली होती. आज ती तुटकी टोकं हातात धरून कोणी विचारात पडला असेल, तर तो एका फसलेल्या कायद्याचे अवशेष धरून बसला आहे.

काळी वायर, पण प्लस

आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं: काळी म्हणजे मायनस. १९६७पूर्वीच्या एमजीबीत काळी वायर प्लस असते! त्या काळातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असे. यानं गंज कमी लागतो, स्पार्क प्लग जास्त टिकतो, अशी तेव्हाची कारणं. काळी वायर तिथेही अर्थच, पण अर्थच प्लस असल्यामुळे काळी प्लस आणि तपकिरी मायनस. मीटरच्या दोन्ही सुया उलट लावायच्या. नंतर ट्रान्झिस्टरचे रेडिओ आणि अल्टरनेटर आले आणि ब्रिटननंही बाकी जगासारखा मायनस अर्थ स्वीकारला.

जुन्या गाडीची दिशा उलटवायची झाली तर काय काय बिघडतं? सेल्फ बिघडत नाही, उलटाही फिरत नाही. त्यातलं बाहेरचं आणि आतलं, दोन्ही चुंबकत्व एकदमच उलटतं, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. दिव्यांना तर प्लस-मायनसचं सोयरसुतकच नाही. कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल कराव्या लागतात. डायनामोला क्षणभर बॅटरीचा स्पर्श देऊन नवी दिशा शिकवावी लागते. आणि मालकानं हौसेनं बसवलेला जुना रेडिओ? त्याला उलटी वीज दिली की बदली धुराची बाटली मागवायची.

याच एमजीबीत आणखी एक गंमत: १९७४पर्यंत तिला १२ व्होल्टची एक बॅटरी नसून ६ व्होल्टच्या दोन असत, त्याही सीटच्या मागे, फळीखाली. बॉनेट उघडून बॅटरी शोधणाऱ्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

वेटोळ्यात जीव

इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याच्या, म्हणजे टॅकोमीटरच्या मागे, साठच्या दशकातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत एक पांढरी वायर येते, वेटोळं घालते आणि परत निघून जाते. कशालाच जोडलेली दिसत नाही. उगाच वळसा घालून आलेली ही वायर ‘जादा’ समजून कापली की गाडी जागच्या जागी बंद.

ती वायर इग्निशन कॉइलची शिदोरी आहे. चावीकडून निघालेला करंट आधी या वेटोळ्यातून जातो आणि मगच कॉइलला पोचतो. कॉइलचा करंट प्रत्येक ठिणगीला तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. स्मिथ्स कंपनीचा काटा वेटोळ्यातले हे झटके मोजून फेरे दाखवतो. हुशार कल्पना, पण याचा अर्थ असा की वेटोळ्याचा जोड ढिला झाला तर नुसता काटा पडत नाही, इंजिनही पडतं.

स्मिथ्सचंच दुसरं अपत्य म्हणजे पेट्रोल आणि तापमानाच्या काट्यांसाठीची व्होल्टेज स्थिर करणारी डबी. आत दोन धातूंची पट्टी. ती तापते, वाकते, जोड तुटतो. थंड होते, पुन्हा जुळते. या उघडझापेतून सरासरी १० व्होल्ट मिळतात. काटे इतके सुस्त बनवलेले की ही थरथर त्यांना जाणवतच नाही. या डबीचा अर्थ सुटला की दोन्ही काटे एकदम वर चढतात: टाकी भरलेली आणि इंजिन उकळलेलं. दोन आनंद-दुःखाच्या बातम्या एकाच वेळी आल्या की टाकी किंवा रेडिएटर तपासू नका, डबीचा स्क्रू तपासा.

गुलाबी म्हणून साधी समजू नका

सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत गुलाबीवर पांढरी रेघ असलेली एक वायर कॉइलकडे जाते. ती बाहेरून नुसती वायर दिसते, पण मुळात तो रेझिस्टर आहे! तिच्या अख्ख्या लांबीत विजेला मुद्दाम अडथळा ठेवलेला असतो, म्हणजे कॉइलला नेहमीसाठी कमी व्होल्ट मिळतात. सेल्फ मारताना मात्र दुसऱ्या वाटेनं पूर्ण वीज दिली जाते, कारण तेव्हा बॅटरी सेल्फला ओढण्यातच दमलेली असते. ही गुलाबी वायर खराब झाली म्हणून कोणी तिच्या जागी चांगली जाड तांब्याची वायर टाकली, तर गाडी मस्त सुरू होते, मस्त चालते आणि बिचारी कॉइल भाजून निघते.

आठ पायांची डबी

एमजीए आणि ऑस्टिन-हीली ३०००च्या सुरुवातीच्या गाड्यांच्या बॉनेटखाली एक छोटी डबी सापडते. त्यावर एक ते आठ आकडे, आठ वायरी, आणि ती काय करते हे पहिल्या भेटीत कोणालाही उमगत नाही. हा ल्यूकसचा डीबी१० रिले.

त्या गाड्यांना मागे इंडिकेटरचा वेगळा दिवाच नव्हता. लाल ब्रेकलाइटच लुकलुकून इंडिकेटरचं काम करी. आता ब्रेक दाबलेला असताना डावीकडे वळायचं असेल तर? उजवा दिवा सलग पेटलेला हवा आणि डावा लुकलुकता. ब्रेककडून येणारी वीज डाव्या दिव्यापुरती तोडून तिथे इंडिकेटरची वीज सोडण्याचं काम ही डबी करते. आत दोन रिले आहेत, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. काय सुंदर यंत्र आहे! आणि त्यात एखादा जोड काळा पडला की ब्रेक दाबल्यावर काय होईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दोन फ्यूजांचा संसार

आजच्या गाडीत फ्यूजचे डझनावारी तुकडे असतात. सुरुवातीच्या एमजीबीत चालू फ्यूज दोन. दोनच. एक जांभळ्या घराण्याचा, एक हिरव्या. हेडलाइटला फ्यूजच नाही! कारण साधं आहे आणि मला तरी पटतं: रात्री वळणावर फ्यूज उडून दोन्ही दिवे जाण्यापेक्षा वायर गरम झालेली परवडली.

ल्यूकसच्या काचेच्या फ्यूजमध्ये आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी असते. तिच्यावर ३५ अँपिअर वाचून अमेरिकेतला माणूस तिथल्या पद्धतीचा ३५चा फ्यूज घालतो आणि फसतो. ब्रिटिश चिठ्ठीवरचा ३५ म्हणजे ‘या आकड्याला मी उडेन’. सलग वाहण्याची क्षमता निम्मीच, १७ अँपिअर. अमेरिकन फ्यूजवर सलग वाहण्याचा आकडा असतो. म्हणजे संरक्षण एका फटक्यात अर्धं झालं.

आरोपीची बाजू

मग दिवे मंद का? खरे गुन्हेगार तीन: गंज, अर्थ आणि आधीचा मालक.

त्या गाड्यांत वायरी जोडायला बुलेट कनेक्टर वापरत. वायरच्या टोकाला पितळी गोळी, आणि दोन गोळ्या रबरी बाहीतल्या धातूच्या नळीत समोरासमोर दाबायच्या. नवेपणी उत्तम. पण दमट हवेत पन्नास वर्षं काढल्यावर नळीत हिरवट थर धरतो. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, मग डिपरच्या स्विचमधून आणि असल्या कितीतरी गोळ्यांमधून जातो. रिले मध्ये नाहीच. प्रत्येक जोडावर थोडे व्होल्ट गळतात. आणि साध्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्ट १० टक्के कमी झाले तर उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. गोळ्या घासून घ्या, रिले बसवा, आणि ‘अंधाराचा राजपुत्र’ चक्क उजेड पाडतो.

अर्थ सुटल्यावरची गंमत तर भुताटकी वाटावी अशी. ब्रेक दाबला की टेललाइट फिकट पेटतो, इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट लुकलुकतो. मागच्या दिव्याचा अर्थ गंजला की ब्रेककडून आलेली वीज परतायला वाट शोधते आणि शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटी शिरते. दोष वायरींत शोधत बसाल तर आठवडा जाईल. स्क्रू काढून पत्रा घासला तर पाच मिनिटं.

लोटस एलानमध्ये तर पत्राच नाही. बॉडी फायबरग्लासची, म्हणून वीज परतायला प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर चासीपर्यंत द्यावी लागते. तिथे काळ्या वायरींचं जंगल बघून घाबरू नये. या गाडीचे हेडलाइट वर उचलायला मोटार नाही, इंजिनाचं व्हॅक्यूम आहे, आणि ते साठवायला चासीचाच पुढचा आडवा भाग टाकी म्हणून वापरलेला. म्हणजे दिवे उघडत नसतील तर वायर नव्हे, रबरी नळी तपासायची.

याउलट जॅग्वार ई-टाइप. काटे असलेलं मधलं पॅनेल दोन स्क्रू हातानं सोडवले की अलगद पुढे झुकतं आणि मागचे फ्यूज समोर येतात. ल्यूकसच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी एकदा हे पॅनेल उघडून बघावं.

डीपीओ नावाचा खलनायक

एमजीवाल्यांच्या बोलीत ‘डीपीओ’ हा शब्द फार चालतो. अर्थ साधारण असा: तो भयंकर आधीचा मालक. त्यानं काय केलंय? अलार्म बसवला, मग काढला, वायरी तिथेच. रेडिओसाठी स्पीकरची वायर इंडिकेटरच्या वायरीला पिरगाळली. घरातल्या दिव्याच्या बटणानं पंखा चालवला. सगळ्यात वाईट म्हणजे त्यानं त्याच्याकडे होती ती वायर वापरली, त्यामुळे लाल वायर हॉर्नला आणि काळी वायर बॅटरीच्या जिवंत टोकाला. तिथे ल्यूकसची वंशावळ संपते.

ओळखायचं कसं? कारखान्याची वायर जुडग्यातून निघते, तिच्यावर रेघ असते, टोकाला गोळी असते. डीपीओची वायर जुडग्याबाहेरून येते, रेघ नसते आणि टोकाला स्क्रूचा पांढरा प्लॅस्टिक ठोकळा, किंवा नुसती चिकटपट्टी. तिचं मूळ शोधताना घाई करायची नाही. तिच्या दोन्ही टोकांना भेटल्याशिवाय तिला कापायचं नाही.

हातातली अस्त्रं

मल्टीमीटर सगळ्यांना माहीत आहे. त्याहून मजेदार साधनं वेगळीच. फोनच्या तारा शोधणारे लोक वापरतात ती जोडगोळी: बॅटरी काढून ठेवायची, एक डबी वायरच्या टोकाला लावायची, ती सूर सोडते, आणि दुसऱ्या हातातली कांडी जुडग्यावरून फिरवली की योग्य वायरीशी आल्यावर किणकिणते. गालिच्याखालून वायर कुठे गेली ते गालिचा न उचलता कळतं.

शॉर्ट शोधायला जुन्या इलेक्ट्रिशियन मंडळींची युक्ती होकायंत्राची. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा फ्लॅशर जोडायचा, म्हणजे शॉर्टमधून करंट थांबत-थांबत वाहतो. होकायंत्र वायरीवरून सरकवत न्यायचं. वीज वाहते तिथवर सुई दर ठोक्याला हलते. जिथे हलायची थांबते, तिथे वायर बॉडीला भिडलेली आहे.

आणि तिसरी युक्ती आपल्या कोणत्याही वायरमनला शिकवायला लागणार नाही: सिरीज लॅम्प. फ्यूज उडत असेल तर नवनवे फ्यूज जाळण्याऐवजी त्याच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब लावायचा. शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटतो, पण त्यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त वाहू शकत नाही, म्हणून वायर जळत नाही. आता जुडगा ठिकठिकाणी हलवत राहायचा. बल्ब विझला त्या क्षणी हात जिथे असेल, तिथे शॉर्ट.

ही घराणी आपल्याकडेही आली. ल्यूकस आणि टीव्ही सुंदरम अय्यंगार अँड सन्स यांच्या भागीदारीतून १९६१मध्ये ल्यूकस-टीव्हीएस उभी राहिली, चेन्नईजवळच्या पाडीला कारखाना. त्याच शहरात ट्रायम्फ हेरल्डची भारतीय बहीण स्टँडर्ड हेरल्ड बनायची. ट्रायम्फची स्पिटफायर ही देखणी स्पोर्ट्‌स कार त्याच हेरल्डच्या चासीवरून घडवलेली आणि दोघींना रूप देणारा एकच, इटलीचा जोव्हानी मिकेलोत्ती. म्हणजे एखाद्या जुन्या शेडमध्ये धूळ खात पडलेली स्टँडर्ड हेरल्ड दिसली, तर डॅशबोर्डखाली जरूर डोकावा. तिथे स्पिटफायरच्या चुलत घरातल्या वायरी आहेत.

इतकं शोधूनही जुडगा हाताबाहेर गेला असेल, तर ब्रिटनमध्ये आजही नवा विणून मिळतो. जुन्या गाडीसाठी सुती आवरणाचा, आत आधुनिक वायर, बाहेर मूळचे रंग आणि मूळच्या रेघा. दोन-तीन दिवस खपून तो बसवायचा, एकेक टोक जोडायचं, दिवे लावून बघायचे, सगळं चालतं. आणि डॅशबोर्डखाली एक कोरी करकरीत वायर मोकळी लोंबत राहते, कारण नवा जुडगाही जुन्याबरहुकूम सगळ्या शक्यतांसकट विणलेला असतो. बघा जरा, लालवर पिवळी रेघ आहे का.